धुतलेल्या बाटल्या

चाळीसगाव, शुक्रवार, १२ फेब्रुवारी १९८८

जुन्या उकिरड्यातून वीस वर्षं उकरून काढलेल्या, राखेनं घासून लख्ख केलेल्या माझ्या गोटी सोड्याच्या बाटल्या आज उत्खननवाल्या बाईंना दाखवल्या. त्यांनी विचारलं, "आबा, कोणती किती खोल सापडली? त्यावरून तिचं वय कळतं." मी बाटल्या उलटसुलट करून पाहू लागलो. आतून बायको म्हणाली, "माटी बठ्ठी धोई टाकी, आते सांगा." खरंच, सगळी माती मीच धुऊन टाकलेली. बाई हसल्या, टोचून मात्र बोलल्या नाहीत.

दुपारी त्यांच्या खड्ड्यावर गेलो. एवढ्याशा खापरासाठी बाई तासभर ब्रशनं माती झाडत होत्या, त्याची जागा मोजून कागदावर उतरवत होत्या. केवढा धीर. आपण आपले आंबा खाऊन कोय फेकणारे.

परतताना उकिरड्यात एका बाटलीचं हिरवं तोंड दिसलं. हात शिवशिवला. तरी वर काटेरी फांदी टाकली नि बाईंना निरोप धाडला. त्या येईपर्यंत तिची माती तिच्याजवळच राहू दे.