भाड्याच्या खात्यात खिळे ठोकू नयेत

अर्धापूर,
शनिवार, १७ जानेवारी २०२६

ती. चंद्रप्रभाआत्यांस,

मनस्विनीचा वाकून नमस्कार. (आशीर्वाद बसूनच द्या, गुडघ्याचं आईने कळवलं आहे.) डोळ्यांत थेंब घालणं चालू आहे ना? तुम्हाला वाचताना त्रास नको म्हणून अक्षर मोठं काढते आहे, म्हणून पानं जास्त झाली आहेत. मजकूर तेवढा मोठा नाही. आता लिहिल्यावर वाटतं, मजकूरही मोठाच आहे.

आधी मागच्या पत्रातली चूक दुरुस्त करते. आईच्या केळीच्या वेफर्सची जाहिरात मोबाइलवर ज्या खात्यातून चालायची, ते माझं खातं ‘तांत्रिक अडचणीमुळे’ बंद पडलं असं मी लिहिलं होतं. तसं नाही. तंत्र ठणठणीत होतं, अडचण मी होते. झालं असं की जाहिरातीत मी ‘ताजे घरगुती वेफर्स’ असं लिहिलं. सकाळी ते खरं होतं. दुपारी वाटलं, सातला तळलेले वेफर्स दोन वाजता ताजे कसे? म्हणून ‘आज सकाळी तळलेले’ केलं. मग ‘घरगुती’ खुपायला लागलं, कारण कढई घरात नाही, घरामागच्या शेडमध्ये आहे. ते दुरुस्त केलं. मग शेड म्हटल्यावर लोकांना गुरांची वाटेल म्हणून ‘स्वच्छ’ घातलं, आणि स्वतःच्या शेडला स्वतःच स्वच्छ म्हणणं बरं दिसेना म्हणून काढलं. एका दिवसात एकोणीस दुरुस्त्या झाल्या. एवढ्या वेळा शब्द फिरवणारी बाई लबाडच असणार, असं त्या यंत्राला वाटलं आणि त्याने दार लावलं. तुम्ही मला स्वयंपाकघराच्या फरशीवर खडूने लिहायला शिकवलंत तेव्हा सांगायचात, की बोललेलं खोटं वाऱ्यावर जातं, लिहिलेलं टिकून राहतं. मी तेच पाळत होते. (तक्रार नाही.)

इथे सगळ्यांचे डोळे महाशिवरात्रीकडे लागले आहेत. उपवासाच्या वेफर्सचा सगळा धंदा त्या दहा दिवसांचा. आईने शेजारच्या मळ्यातले घड आधीच सांगून ठेवले आहेत, आणि जाहिरात नाही तर मागणी नाही. काप करणाऱ्या बेगमबी रोज किसणीवरून मान वर करून विचारतात, “मनूबाई, झालं का चालू तुमचं? केळं काय तुमच्या खात्याची वाट बघत बसत न्हाई, पिकून मोकळं व्हतंय.”

तेव्हा कोणीतरी लातूरच्या राघवेंद्र यांचं नाव सांगितलं. त्यांची जाहिरातींची एजन्सी आहे. एजन्सीची खाती जुनी आणि वजनदार असतात, यंत्र त्यांना सहसा अडवत नाही. ज्यांचं स्वतःचं खातं बंद आहे किंवा नाहीच, त्यांना ते आपल्या खात्यात जागा भाड्याने देतात. एकाच खात्यात पाच-सहा दुकानांच्या जाहिराती चालतात. मला हे ऐकून दोन दिवस जेवण गेलं नाही, कारण दुसऱ्याच्या नावाआडून बोलणं हे खोटं की नाही, ते ठरेना. शेवटी ठरवलं की भाड्याच्या घरात राहणारा माणूस काही स्वतःला मालक म्हणवत नाही. मात्र करार हवा. टंकलेखकाकडे फक्त घरभाड्याचा नमुना होता, अकरा महिन्यांचा. त्यात नळाचं पाणी, कुत्रं-मांजर न पाळणं, भिंतींना खिळे न ठोकणं आणि मालकाच्या लेखी परवानगीशिवाय कोणताही फेरबदल न करणं, ही सगळी कलमं होती. मी काही खोडलं नाही. राघवेंद्रांनी वाचलं आणि म्हणाले, “ताई, मांजर कुठून आणणार आहात तुम्ही माझ्या खात्यात?” पण सही केली.

आता भाड्याने राहायला गेलं की शेजाऱ्यांना तोंड दाखवायला नको का? आत गेल्यावर मला सगळ्या भाडेकरूंच्या जाहिराती दिसायला लागल्या. (तसं दिसायला नको होतं. राघवेंद्रांनी चुकून मला घराच्या सगळ्या किल्ल्या दिल्या होत्या. मी लगेच कळवायला हवं होतं. चौथ्या दिवशी कळवलं.) जाहिरातींवरून पत्ते काढून मी सगळ्यांना एकेक डबा वेफर्स पाठवले, सोबत चिठ्ठी: ‘मी आपल्या खात्यात नवीन राहायला आले आहे.’ उदगीरच्या गुंडप्पांनी (बोअर पाडतात, तुम्ही ओळखत असाल) डबा रिकामा परत करायला नको म्हणून शेंगदाण्याची चटणी भरून पाठवली. राघवेंद्रांनी मात्र फोन करून डोकं धरलं. भाडेकरूंनी एकमेकांना ओळखायचं नसतं म्हणे, प्रत्येकाला वाटत असतं की अख्खं घर त्याचंच आहे.

एवढ्यावर थांबले असते तर बरं झालं असतं. पण नांदेडचे बिलाल, जे लग्नाच्या शेरवान्या भाड्याने देतात, त्यांच्या जाहिरातीत लिहिलं होतं: ‘मराठवाड्यातील एकमेव शेरवानी सेंटर.’ आत्या, त्यांच्याच गल्लीत आणखी दोन आहेत. मी स्वतः पाहिली आहेत. माझ्याच छताखाली हे असलं! मी एक दिवस कळ काढली आणि दुसऱ्या दिवशी (किल्ल्या अजून माझ्याकडेच होत्या) ते ‘मराठवाड्यातील अनेक शेरवानी सेंटरांपैकी एक’ असं करून टाकलं.

बिलालभाईंचा फोन दहा मिनिटांत आला. “ओ ताई, ये क्या लिख दिया? ‘अनेकांपैकी एक’ वाचून कोण नवरदेव येईल? मी दुकान टाकलंय का जनगणना करून राहिलोय?” मी रडकुंडीला आले. चूक कबूल केली आणि माफी मागितली. संध्याकाळपर्यंत मूळ शब्द परत घालते म्हटलं. तर संध्याकाळी त्यांचाच पुन्हा फोन. “ताई, हात लावू नका. तीन नवरदेव आले. एक म्हणाला, इतकं खरं बोलणारा दुकानदार पहिल्यांदाच बघितला.” दुसऱ्या दिवशी आणखी पाच जण आले. ते आता मला लग्नाच्या मोसमापुरतं मजकूर लिहायला बोलावतात. आत्या, मला आयुष्यात पहिल्यांदा असं वाटलं की माझ्या या सवयीचा कोणाला तरी उपयोग आहे.

पण यंत्राने मधल्या गडबडीबद्दल राघवेंद्रांना ताकीद दिली, आणि त्यांनी कराराचं कलम सात काढलं: परवानगीशिवाय फेरबदल. मीच आणलेला करार. ते रागावले नाहीत, उलट कसनुसे हसत म्हणाले, “ताई, तुम्ही चांगल्या आहात, पण माझ्या घराच्या भिंती तेवढ्या सरळ नाहीत.” ३१ जानेवारीला मला जागा रिकामी करायची आहे. महाशिवरात्र पंधरा फेब्रुवारीला.

तरी काळजी करू नका. बिलालभाईंनी त्यांच्या भावाच्या नावाने खातं उघडून देतो म्हटलं, ते मी घेतलं नाही. मला पुन्हा कोणाच्या घरात खिळा ठोकायचा नाही. मला माझ्या नावाचं दार उघडून हवं आहे, आणि ते उघडेल असं मला मनापासून वाटतं. बेगमबींनी माझ्या वाटचं पहिलं पाकीट बाजूला काढून ठेवलं आहे, दार उघडलं की फोडायचं.

आईचा नमस्कार.

तुमची,
मनू

ता. क. : वर दुरुस्त केलेली चूक पूर्ण दुरुस्त झालेली नाही. एकोणीस दुरुस्त्यांमुळे खातं बंद झालं, हे खरं. पण ते परत मिळालं असतं. ओळखपत्र दाखवा, एवढंच त्यांनी मागितलं होतं. खात्यावर मी माझी जन्मतारीख १९ ऑगस्ट लिहिली होती, कारण मी १९ ऑगस्टला जन्मले. आधारवर १ जून आहे, शाळेच्या दाखल्यावरून आलेला. यंत्र म्हणालं, ही तुम्ही नाही.

ता. क. २ : तुम्ही मी नऊ वर्षांची होईपर्यंत घरी शिकवून मला एकदम चौथीत बसवलंत, तेव्हा प्रवेशाचा अर्ज तुम्हीच भरला होता. मी शेजारी उभी होते. जन्माचा दाखला सापडत नव्हता आणि कारकून घाई करत होते. आमच्या वर्गात एकतीस मुलं १ जूनला जन्मलेली होती, त्यामुळे मला बरेच दिवस वाटायचं की तो काहीतरी मोठा सण असावा. तुम्ही सांगितलेलं खरं निघालं आत्या, लिहिलेलं टिकतं. पंधरा वर्षं टिकलं. मला तुमचा राग नाही. मी घाबरत होते ते एवढंच, की हे तुम्हाला लिहून कसं सांगू.

ता. क. ३ : राघवेंद्र म्हणतात, खात्यावरच १ जून करून टाका, दोन मिनिटांचं काम आहे. ते मला जमणार नाही. जन्माची नोंद तुमच्या उदगीरलाच आहे. ती काढून आधार दुरुस्त करायचं आहे, आणि सोबत तुम्ही हव्या आहात. साक्ष त्यांनी मागितली नाही तरी मला हव्या आहात. सव्वीसला सुट्टी आहे, म्हणून मी मंगळवारी, २७ जानेवारीला, सकाळी सव्वादहा वाजता नगरपरिषदेच्या दारात उभी असेन.