लटारूचे नाव

कोसमटोला, ता. २ ऑगस्ट १९५४

ती. गुणवंतकाकांस कमळाचा साष्टांग नमस्कार.

इकडे क्षेम. शाळेत मात्र एक पेच पडला आहे. रुखमा ही नऊ वर्षांची माझी सर्वांत हुशार विद्यार्थिनी रोज मोठ्याने हजेरी घेते. उन्हाळ्याच्या सुटीनंतर मात्र ती लटारू या एकाच मुलाचे नाव गाळते. विचारले की ओठ मिटते. लटारूची आई भांडून गेली. रुखमाचे वडील दादाजी म्हणतात की घरी पोरगी गाय हाये, शाळेनंच माजवली. आपण पंचवीस वर्षे शाळा तपासल्या, निर्णय द्यावा. काकूंना नमस्कार.

आपली कमळा

चांदा, ता. ७ ऑगस्ट

चि. कमळेस अनेक आशीर्वाद.

दोन्ही साक्षी शेजारी ठेव. घरी नम्र, शाळेत उद्धट. अर्थात दोष स्वभावात नसून हेतूत आहे. एकच नाव वगळले जाते. अर्थात हेतू आकस. दोन छड्या दे व हजेरीचा मान काढून घे. तुझी काकू भाकर थापता थापता म्हणाली की नवऱ्याचं नाव असंन, म्हणून घेत नसंन बिचारी. नऊ वर्षांच्या मुलीस नवरा! मला हसू आवरले नाही.

गुणवंतराव

कोसमटोला, ता. १६ ऑगस्ट

ती. काकांस नमस्कार.

छड्या मारल्या. रुखमाने न रडता दुसरा हातही पुढे केला. तेव्हा मी तिच्या घरी गेले. तिच्या आईने धान पाखडत सहज सांगितले की वैशाखात पोरीचं लगन लावलं. दिवाळी झाली की पाठवणी. नवरा परगावचा, तिशीचा बिजवर. त्याचेही नाव लटारू! माझ्या वर्गातल्या पोराचा यात काडीचा संबंध नाही. मी काही बोलण्याआधीच दादाजींनी विचारले की काऊन बाई, तुमी मास्तरीण हाव का पोलीस. काका, आता काय करू?

कमळा

चांदा, ता. २१ ऑगस्ट

चि. कमळेस आशीर्वाद.

पत्र तीनदा वाचले. ज्यास मी आकस ठरवले, तो तिला घरी शिकवलेला विनय होता. आणि त्याबद्दल तिने मार खाल्ला, माझ्या लेखी आज्ञेने. चाळीस वर्षांत जिने माझे नाव उच्चारले नाही, ती समोर बसून कारण सांगत होती व मी हसत होतो. कायदा असे लग्न लावणाऱ्यास शिक्षा करतो, लग्न मोडत नाही. म्हणून दादाजींशी बोलण्यास मी गुरुवारी निघतो. हजेरीवही तिला आजच परत दे.

तुझा अपराधी काका

कोसमटोला, ता. ९ सप्टेंबर

ती. काकांस नमस्कार.

आपण परतल्यावर दादाजी पाठवणी पाच वर्षे लांबवण्यास राजी झाले. लग्न मोडण्यास नाही. मी रुखमाला तसे सांगितले. तिने एवढेच विचारले की नाव घेतल्यानं नवऱ्याचं आयुष्य घटते, हे खरं हाय का. ती खोटी समजूत आहे, असे मी म्हटले. तिला ते पटलेले दिसत नाही. कालपासून ती हजेरी अचूक घेते, आणि वही मिटल्यावर पटांगणात उभी राहून लटारूचे नाव मोठमोठ्याने घेत राहते. आज मी एकविसापर्यंत मोजले.

प्रगतिपुस्तकात ‘वर्तन’ या शब्दापुढची जागा कोरी आहे. तिथे काय लिहू?

आपल्या मायेची भुकेली,
कमळा