मोतीच्या पणजीचं वजन

सलवा, शुक्रवार संध्याकाळ

रियाच्या मादी सशाची, मोतीची, ससेपालक संघातली नोंदणी आज झाली नाही. तपासनीस बाईंनी कान, दात, वजन सगळं पाहिलं. पण वंशावळीत पणजीचं वजनच नव्हतं. पणजीचं वजन! वंशावळ हातात आली की नोंदणी झालीच, असं मी कसं धरून चालले? रियाचा चेहरा बघवेना.

"म्हणजे सशांच्या प्रदर्शनातही नेता येणार नाही?" मी विचारलं.

"प्रदर्शनाला कानात गोंदलेला नंबर पुरतो," बाई म्हणाल्या. "नोंदणी मागाहून करू."

मोती ज्यांच्याकडून घेतली, त्या अर्दिया भागातल्या हमीदभाईंना लगेच फोन लावला. "वहिनी, वजन मी केलं होतं. शोधून देतो," म्हणाले.

एरवी इंग्रजीत उत्तर देणारी रिया गाडीत चक्क मराठीत म्हणाली, "आई, मोतीच्या पिल्लांची वंशावळ मीच लिहिणार. पूर्ण."