कलम अकरा: भाऊ आणि बहीण

सुवा, ९ एप्रिल १९८४

ती. कालोलाइने आत्यास,

पिसिलाचा सा. न. वि. वि. पत्र लांबलचक आहे, तेव्हा हातातली मोगरी खाली ठेवा, झाडाच्या सालीचं कापड नंतर कुटा आणि ऐसपैस बसून वाचा.

तुमचं पार्सल पोचलं. खोबरेल तेलाची बाटली वाटेतच फुटली आणि तुम्ही विणलेली, चर्चला जाताना कपड्यांवरून गुंडाळायची कमरेची चटई सगळं तेल प्यायली. रविवारी चर्चमध्ये माझ्या मागच्या रांगांचं प्रार्थनेकडे लक्ष नव्हतं, सगळे नाकं वर करून बसले होते. तेलाबद्दल वाईट वाटलं, पण चटईचा रुबाब वाढला.

आता खरी गोष्ट. आपल्या टोंगाच्या मुलांच्या मंडळाला विद्यापीठानं बजावलंय की मे संपायच्या आत लेखी घटना द्या, नाहीतर नोंदणी नाही. आणि नोंदणी नाही तर ऑगस्टमधल्या आपल्या नाचाला सभागृह नाही. माझं अक्षर बरं म्हणून घटना लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. नमुना म्हणून मी होडीवाल्यांच्या क्लबाची घटना उसनी आणली. पहिल्या मसुद्यात ‘प्रत्येक सभासदाने वल्ही धुऊन जागेवर ठेवावीत’ हे कलम तसंच राहून गेलं आणि आमच्या सभेनं ते एकमतानं मंजूर केलं. ऐकतंय कोण!

पण होडीवाल्यांच्या घटनेत एक गोष्ट नव्हती, आणि ती आमच्याही डोक्यात आली नाही. मतं मोजली तर अध्यक्ष आपला लोपेती आणि चिटणीस मी. टाळ्या वाजल्या आणि मग एकेकाचा चेहरा उतरत गेला. काकांचा मुलगा म्हणजे भाऊच की हो, आणि भाऊ-बहिणीत आपल्याकडे केवढी मर्यादा. वर्गात एकत्र बसलो तर चालून जातं, तिथे मास्तर असतो. सभेत टोमणे असतात, वात्रटपणा असतो. भाऊ-बहीण दोघं समोर बसलेत म्हटल्यावर त्यांच्यादेखत थट्टा करायची कुणाची छाती? आमचा खजिनदार फेलेती एरवी प्रेताला हसवेल असा, तो एका सभेत अख्खा वेळ पावसावर बोलला. मला लोपेतीशी थेट बोलता येत नाही, म्हणून मी फेलेतीला सांगायचं आणि त्यानं शेजारच्या लोपेतीला. लोपेती तोवर छताकडे बघत बसलेला, जणू मी बोलतेय याचाच त्याला कंटाळा आलाय. लोक यायचे बंद झाले. गेल्या खेपेस गणपूर्तीअभावी उठलो.

फेलेतीच्या तोंडात तीळ भिजत नाही. त्यानंच सांगितलं की लोपेतीनं स्वतः एक कलम लिहून दिलंय, अकरावं. सख्खे किंवा चुलत भाऊ-बहीण एकाच कार्यकारिणीवर आले तर एकानं पद सोडावं. कुणी, ते त्यात नाही. पण अध्यक्ष कशाला खुर्ची सोडेल? सगळे माझ्याकडेच बघणार. आत्या, शाळेत मी किती भित्री होते ते तुम्हाला ठाऊक आहे. इथे मी कागद घेऊन उभी राहिले की लोक ऐकतात. मला हे काम मनापासून आवडतं आणि मला ते सोडायचं नाही. मी त्याला काही बोलू शकत नाही, पण तुमच्यापुढे आम्हा दोघांची मान खालीच. उपटा त्याचे कान. मीही गप्प बसलेली नाही, अकराव्याच्या विरुद्ध मतं गोळा करतेय.

लोभ आहेच, तो अकराव्या कलमाच्या बाहेरचा आहे असे समजावे.

तुमची,
पिसिला

०

नेयाफू, २६ एप्रिल १९८४

चि. पिसिलास,

अ. उ. आ. पत्र वाचून एवढी हसले की शेजारीण धावत आली. तुम्ही दोघं राहता एका आवारात, जेवता एकाच खानावळीत, आणि भांडण मात्र आगबोटीत बसून माझ्या ओसरीवर येतं! टपालखात्याचं बरं चाललंय म्हणायचं.

भाऊ-बहिणीनं बोलू नये ही मर्यादा आपल्या वाडवडिलांनी उगाच नाही घातली. तुझा बाप आणि मी सारखे बोलत असतो तर कधीच एकमेकांच्या झिंज्या उपटल्या असत्या. न बोलल्यामुळे इतकी वर्षं प्रेम टिकलंय. पण पोरी, पुस्तकं वाचून तू एक गोष्ट विसरलीस. आपल्यात बहिणीचा मान भावापेक्षा वरचा. तुझा बाप गावाला दम देत फिरतो, पण मी अंगणात पाऊल टाकलं की मुकाट्यानं उठतो आणि जागा देतो. तो तरी बिचारा काय करणार, मी थोरली की धाकटी हे कुणी विचारतच नाही.

लोपेतीला पत्र टाकलं आहे. चांगलं खडसावलंय. त्याचं उत्तर येईपर्यंत तू डोकं थंड ठेव आणि वेळेवर जेव. तुझ्या आईचं म्हणणं, तू फोटोत काठी दिसतेस.

आशीर्वाद पोटभर आहेत, जेवणही तसंच असावं.

तुझी आत्या,
कालोलाइने

०

सुवा, ११ मे १९८४

ती. आत्यास,

लोपेतीचा सा. न. वि. वि. तुमचं पत्र वाचून दोन दिवस अन्न गोड लागलं नाही. जेवलो, पण गोड लागलं नाही.

अकरावं कलम मी लिहिलं हे खरं. पण आत्या, ते मी माझ्यासाठी लिहिलं. ते मंजूर झालं की मी उठणार आहे. बहीण बसलेली असताना भावानं उठायचं, हे मला तुम्ही सांगायला हवं का? लहानपणी पिसिला दारात आली की मी मागच्या खिडकीतून उडी मारायचो, गुडघ्यावर खूण आहे अजून.

सरळ राजीनामा दिला असता तर सगळे म्हणाले असते की दोघांत बिनसलं, बहिणीनं भावाला हुसकलं. ते बाबांच्या कानावर गेलं असतं आणि दोन्ही घरांत धुसफूस सुरू झाली असती. नियमच असला की कुणाचं नाव येत नाही. तिला हे कळवायचं तर कुणाकरवी? फेलेतीला सांगणं म्हणजे दवंडी पिटणं. माझ्या डोक्यात तुम्ही आल्याच नाहीत, ही माझी चूक. तिनं अध्यक्ष गेल्यास चिटणीसानं त्या जागी बसावं असं सातव्या कलमात स्वतःच लिहून ठेवलंय. बहुतेक विसरली.

खोटं कशाला बोलू, खुर्ची मला आवडते. घरी मी शेंडेफळ, माझं कोण ऐकतं? इथे टेबलावर हात आपटला की सभा गप्प होते. सोडताना जीवावर येणार आहे. पण घटना तिची आहे. ती उभी राहून एकेक कलम समजावते तेव्हा मला इतका अभिमान वाटतो की चेहऱ्यावर दिसेल या भीतीनं मी छताकडे बघत बसतो. तिथे पाली किती आहेत ते मला पाठ झालंय.

तिला सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा. लोभ आणि क्षमा, दोन्ही असावे.

तुमचा,
लोपेती

०

नेयाफू, २१ मे १९८४

चि. पिसिलास,

अ. उ. आ. सोबत लोपेतीचं पत्र जोडलंय. त्याला न विचारता पाठवतेय. आत्या कुणाला विचारत नसते.

मी त्याला उगाच खडसावलं, आता त्याच्यासाठी एक चटई विणायला घेतली आहे. तू काय करायचंस ते मी सांगणार नाही. घटना तुझी आहे. फक्त वाचताना दार लावून घे, तू रडकी आहेस.

थोडा लोभ त्यालाही दे.

आत्या

०

सुवा, ३ जून १९८४

ती. आत्यास,

पिसिलाचा सा. न. वि. वि., आणि या वेळी खरोखरचा साष्टांग. तुमचं पत्र ३० मेला, सभेच्या दिवशीच सकाळी हातात पडलं. दार लावलं होतं, तरी शेजारच्या खोलीतली मुलगी काय झालं म्हणून विचारायला आली. त्याला मी मनात काय काय बोलले होते, आत्या! आणि तो बापडा पाली मोजत होता.

सभेला तोबा गर्दी, कारण अकराव्याची कुजबुज सगळीकडे पोचली होती. माझी गोळा केलेली मंडळी पुढच्या रांगेत, हात वर करून कलम पाडायला टपलेली. फेलेतीनं कलम वाचलं. मी उठले आणि सांगितलं की माझा विरोध मी मागे घेते, हे कलम योग्य आहे, मंजूर करा. पुढची रांग माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू मला ऊन लागलंय. कलम मंजूर झालं. त्याच क्षणी लोपेती उठला, कमरेची चटई नीट केली, कुणाकडे न बघता बाहेर व्हरांड्यात गेला आणि खिडकीला पाठ लावून बसला. मग फेलेती म्हणाला की आता अध्यक्षाच्या जागी चिटणीसानं बसावं असं सातवं कलम सांगतं, आणि वल्ही अजून कुणीच धुतलेली नाहीत. आत्या, दोन महिने दाबून ठेवलेलं हसू एकदम फुटलं. छप्पर उडालं नाही हेच नशीब. मग लोक भांडले, एकमेकांच्या गावांना नावं ठेवली, दोघंजण रागावून निघून गेले आणि परत आले. खरी सभा झाली! मी खुर्चीत बसले होते आणि बाहेरचं ते पाठमोरं डोकं हसून हलत होतं.

पण मला राहवेना. खुर्ची त्याला किती आवडते हे आता मला ठाऊक होतं. म्हणून मी अकराव्याला जोड सुचवली की पदाची पाळी असावी. यंदा भाऊ उठला, तर पुढच्या वर्षी बहिणीनं उठून व्हरांड्यात बसावं आणि भावानं खुर्चीत. फेलेतीनं विचारलं की याला अनुमोदन कोण देतंय. कुणी काही म्हणायच्या आत खिडकीतून एक हात आत आला आणि सरळ वर झाला. डोकं अजून पाठमोरंच होतं.

फेलेतीनं डोकं खाजवलं आणि मला विचारलं की माणूस सभेबाहेर बसलेला आहे, मग याला मोजायचं की नाही. सगळे माझ्याकडे बघायला लागले. अध्यक्ष म्हणून मी माझा पहिला निर्णय दिला, आणि मुद्दाम इतक्या मोठ्यानं दिला की व्हरांड्यात ऐकू जावा. मी म्हटलं, हात आत आहे.

लोभाची वाटणी आम्हा दोघांत सारखी असावी.

तुमची,
पिसिला