न विणलेला पहिला टाका

ताई,

चहा झाकून ठेवलाय, गरम करून घे. मी लवकर निघतेय. तसंही हे मला तुझ्या तोंडावर बोलता आलं नसतं.

आई गेल्यावर मागे राहिलेल्या तिच्या त्या मऊ, बारीक अल्पाका लोकरीचं काय करायचं, यावरून आपण महिनाभर डोकं फोडतोय. तुला जाळीची शाल हवी होती. मी तुला न विचारता गळपट्ट्याचे टाके घातले आणि तू अबोला धरलास. ते माझं चुकलंच.

काल दुपारी मी बारा ओळी विणून सुया टोपलीत ठेवल्या होत्या. आज सकाळी वीस आहेत. मला वाटलं, तुझा राग गेला. मग काठ बघितला. वरच्या आठ ओळींत पहिला टाका न विणता नुसता उचलून घेतलाय, त्यामुळे काठ वेणीसारखा दिसतोय. आपण दोघी ते दरवेळी विसरतो. आईने सांगून सांगून हात टेकले होते. अंथरुणाला खिळल्यावरही म्हणाली होती, "बस गं जरा, परत दाखवते." मी तेव्हाही अशीच घाईत कामाला निघून गेले.

तू विणलं असशील तर सांग, मी काही म्हणणार नाही. नसशील, तर उसवू नकोस. गुंडा संपत आलाय, म्हणून दुसरा काढून तिच्या खुर्चीवर ठेवलाय.