जुन्या नोंदींना माफी

मंगळवार, ४ जून

प्रिय दादा,

आम्ही बरे आहोत. तूही असशीलच, नसतास तरी कळवलं नसतंस.

फोन उचलत नाहीस, म्हणून हे कुरिअर. आधी भांडते. या हॉस्पिटलचा डेटाबेस तू बांधलास आणि नोकरी सोडून गेलास, निस्तरतेय मी. काय रे तुझी ती टेबलं! वय काहीही चालतं, रक्तगट रिकामा चालतो, नातेवाइकाचा फोन रिकामा चालतो. अगदी तुझ्यासारखं, सगळं चालतंय.

आता मोठ्या डॉक्टरीणबाईंचं फर्मान निघालंय: "रक्तगट आणि नातेवाइकाचा फोन असल्याशिवाय नोंद होता कामा नये. आणि वय सव्वाशेच्या आत!" मी नियम लिहिले, जुन्या नोंदींवर चालवून पाहिले, आणि गाडी पहिल्याच नोंदीवर अडली. आपले बाबा. वय नऊशे, व्यवसाय ‘ओरडणे’. चाचणीसाठी तू केलेली थट्टा, पुसायची राहिलेली. मला हसू फुटलं. मग तुझा इतका राग आला की समोरचा चहा तसाच निवला.

पुसायचीही सोय नाही. कारण बाबा खरंच इथे ॲडमिट आहेत. काउंटरवरच्या मुलीने नाव शोधलं, तीच नोंद सापडली, तिच्यावरच रिपोर्ट चढवले. नऊशे वर्षांकडे कुणाचं लक्षही गेलं नाही!

हे सांगायचं नव्हतं. "त्याला कळवलंस तर बघ," असा दम दिलाय त्यांनी. पुढच्या शुक्रवारी हृदयाचं ऑपरेशन आहे. दार वाजलं की मान वळवतात आणि म्हणतात, "तूच होय." उशाशी बसून असते मी, आणि वाट तुझी. जीव जळतो रे.

वय दुरुस्त केलं. व्यवसाय राहू दिला, खराच आहे. "नातेवाइकाचा फोन कुणाचा घालू?" विचारलं, तर भिंतीकडे बघत म्हणाले, "थोरल्याचा घाल."

तुझ्या बाकीच्या अर्धवट नोंदी दुरुस्त करायला मला हा जन्म पुरणार नाही. शेवटी एक वाट काढली: नियम आजपासून लागू, जुन्या नोंदी तपासायच्याच नाहीत. बाई हो म्हणाल्या. तुमच्या दोघांच्या भांडणालाही मी तेच लावलंय, कुणाला न विचारता. कोण काय बोललं, घर का सोडलं, काही तपासायचं नाही.

पण आजपासून फोन उचलायचा, आणि शुक्रवारच्या आत यायचं. दारात दिसलास की ओरडतील. ओरडू देत. व्यवसायच आहे तो त्यांचा.

चिडलेली, घाबरलेली,
तुझी धाकटी