जाड पातं, लहान चाक

मंगळवार, १ फेब्रुवारी १९५५
पातं परत उतरलं. सकाळपासून तिसऱ्यांदा. मालकांना वाटतं मी मुद्दाम करतो. मुंबईच्या भंगारातून स्वस्तात आणलेलं हे पट्टा-करवतीचं यंत्र, गाड्यावर बसवलेलं, लाकूड पडलं असेल तिथं ओढत न्यायचं. कासारवाडीत असलं दुसरं कुणाकडं नाही, हे मालक येईल त्याला सांगतात.
दुपारी इंजिन बंद करून नीट बघितलं. पातं ज्या दोन चाकांवरून फिरतं, त्यातल्या वरच्या चाकाचं रबर एका अंगाला पार झिजलेलं. सायकलची जुनी ट्यूब कापून चिकटवली, चाक जरा मागं कललं असं बसवलं. संध्याकाळपर्यंत उतरलं नाही. माझ्या जोडीचा गडी तुकाराम म्हणाला, "मिस्त्री, तुमी डाक्टर व्हायला पायजे हुतं."
बरं वाटलं.

गुरुवार, ३
सकाळी फळ्या तिरक्या निघायला लागल्या. डाव्या बाजूचे दाते बोथट. लाकडात खिळा होता, दिसला नाही. दोन तास कानस मारली.
चारच्या सुमारास पातं तुटलं. बार उडाल्यासारखा आवाज. मी लाकूड पुढं ढकलत होतो, तुकाराम पलीकडून ओढत होता. तुकडा माझ्या कानाजवळून गेला नि शेडच्या खांबात रुतला. कानाला वारा लागला. अजून लागल्यासारखा वाटतोय.
तुकाराम हसला. "मिस्त्री, तोंड पांढरं पडलंय तुमचं." मीही हसलो. मग कानस उचलली, ती हातातून पडली.
घरी बायकोला, इंदूला, काही सांगितलं नाही.

शुक्रवार, ४
दापोडीच्या लोहाराकडं दोन्ही टोकं घेऊन गेलो. पातं त्यानंच जोडलं होतं. त्यानं उन्हात धरून बघितलं. "हे बघा, माझी झाळ जागच्या जागी हाय. तुटलंय दुसरीकडं." खरंच होतं. झाळीपासून वीतभर लांब तुटलं होतं. मला झाळच सुटली असती तर बरं वाटलं असतं. कारण तरी कळलं असतं.
मालक म्हणाले, "तू फार ताणतोस, सदाशिव." असेल. दुसरं पातं चढवून ताण कमी केला.

सोमवार, ७
ताण कमी केला तर पातं हेलकावे खायला लागलं. फळीला लाटा. तरी चालवलं.
अकरा वाजता परत तुटलं. परत झाळ सोडून भलतीकडंच. आज पुढं तुकाराम होता. सदऱ्याची बाही उभी फाटली, दंडावर लांब ओरखडा. रक्त फार नाही. "काय न्हाई, काय न्हाई," म्हणत शेडमागं गेला. मी मागोमाग गेलो, तर तांब्या दोन्ही हातांनी धरून पाणी पीत होता. निम्मं अंगावर सांडलेलं.
म्हणजे त्यालाही.
का कुणास ठाऊक, त्यामुळं माझी भीती दुप्पट झाली.

मंगळवार, ८
मोडलेले तुकडे घेऊन सकाळी उन्हात बसलो. केसांत उवा शोधाव्यात तसं एकेका दात्याच्या बुडाशी बघत गेलो. बारीक चिरा. एक नाही, हातभर तुकड्यात पाच. चुन्याचं बोट फिरवून पुसलं की पांढरी रेघ उठते, नाहीतर दिसत नाहीत.
मग कळलं. मालकांनी पाती आणली ती मोठ्या गिरणीच्या करवतीची, कापून लहान केलेली. तिथली चाकं पुरुषभर उंच. आमचं चाक परातीएवढं. जाड पातं एवढ्या लहान चाकावरून दर फेऱ्याला वाकायचं, सरळ व्हायचं, वाकायचं. तार मागंपुढं वाकवून तोडतात तसंच. मी कितीही नीट चढवलं तरी तुटणारच. फक्त कधी ते कळायचं नाही.
मालकांना दाखवलं. बारीक पाती मागवा म्हटलं. ते म्हणाले, "मागवतो. यायला आठ-दहा दिवस लागतील. पिंपरीच्या औषधाच्या कंपनीची खोकी शनिवारी द्यायचीत, ती कोण देणार?"
"तोवर हातकरवतीनं कापतो."
"भीती वाटते असं सरळ सांग ना."
होय म्हणायचं होतं. तोंड उघडलं, आणि "चालवतो" असं म्हणून बसलो. असं का झालं, विचार करतोय.

गुरुवार, १०
दोन्ही बाजूंना फळ्या ठोकून पात्याभोवती पेटी केली. लाकूड जाईल तेवढीच फट. इंजिन हळू ठेवलं. तासातासाला बंद करून चुना लावून बघायचं असं तुकारामाशी ठरवलं.
दर फेऱ्याला एक बारीक 'टिक' येतो. झाळीचाच असेल. पण आज दिवसभर मी टिक मोजत होतो, लाकूड कापत नव्हतो. दोनशेपर्यंत मोजायचं, परत एकपासून.
डबा तसाच परत. इंदूनं झाकण उघडून बघितलं, माझ्याकडं बघितलं. "बरं नाही का?" मग सांगितलं सगळं. तिनं माझा कान धरून उजेडाकडं वळवून बघितला. तिथं काहीच नव्हतं.

शनिवार, १२
खोक्यांचा दिवस. दहा वाजता चुना लावला तेव्हा चीर सापडली. पात्याच्या निम्म्या रुंदीपर्यंत गेलेली! एवढ्यावर आम्ही तासभर चालवत होतो. गाड्यावरच बसलो.
तुकाराम शेजारी बसला. म्हणाला, "मिस्त्री, मला बी लई भ्या वाटतंय. रोज येताना वाटतं आज जाऊ नये. पर तुमी उभं ऱ्हाता म्हून मी उभा ऱ्हातो."
"आणि मी तू उभा राहतोस म्हणून."
मग तो म्हणाला, "मंग न्हाई म्हना की. तुमी म्हनलं की मी म्हनतो."
मालकांकडं गेलो. "आजपासून जाड पात्यावर आम्ही दोघं उभं राहणार नाही." आवाज चिरकला, पण बोललो. मालकांनी चिरेवरून नख फिरवून बघितलं. नंतर म्हणाले, "हातानं होतील तेवढी द्या."
हातकरवतीनं कापली. सव्वीस खोकी कमी पडली. मालक कंपनीत स्वतः गेले सांगायला. परत आल्यावर आमच्याकडं बघितलंही नाही. सोमवारी कामावर ठेवतात की नाही...

सोमवार, १४
ठेवलं. बोलत नाहीत.

शनिवार, १९
मुंबईहून पार्सल. बारीक पाती, चार. हातात धरलं तर कागदासारखं वळतं.

सोमवार, २१
नवं पातं मीच चढवलं. ताण बेताचा, चाक सरळ, रबर ठीक. इंजिन सुरू केलं. आवाजच वेगळा, शिवणयंत्रासारखा. तुकारामानं पहिली फळी लावली, दोरी धरल्यासारखी सरळ निघाली. दुपारपर्यंत चाळीस फळ्या. तासातासाला चुना. चीर नाही, एकही नाही. मालक येऊन बघून गेले, आठ दिवसांत पहिल्यांदा बोलले, "आता काय अडचण आहे?"
काहीच नाही.
जेवणानंतर माझी पाळी. पुढं जाऊन उभा राहिलो, फळी उचलली. हात पुढं जाईना. यंत्र बरोबर आहे हे मला सगळ्यांपेक्षा जास्त माहीत आहे. मीच बसवलंय. तरी जाईना. घामानं फळी निसटायला लागली. "पटाशीला धार लावून येतो," म्हटलं नि शेडमागं जाऊन बसलो. तुकारामानं सगळं बघितलं. दुसऱ्या गड्याला बोलावून काम चालू ठेवलं, मालकांना काही कळू दिलं नाही.
सुटताना जवळ आला. "उद्या फळी धरू नका. माझ्या अंगाला नुसतं उभं ऱ्हावा. परवा धरा."
"परवाही नाही जमलं तर?"
त्यानं सदरा झटकून खांद्यावर टाकला. "उद्याचं बोला की."
बरं म्हटलं. उद्या आठ वाजता.